कार्य, कामकाज की व्यवहार?

प्रश्न असा आलाय : किरेन रिजिजू यांना एक वर्तमानपत्र 'संसदीय कार्यमंत्री' म्हणतं, दुसरं 'संसदीय कामकाज मंत्री' आणि तिसरं 'संसदीय व्यवहार मंत्री'. यांतलं बरोबर कुठलं? शिवाय जोडप्रश्न : संसद दिल्लीत, मग महाराष्ट्रात चंद्रकांत पाटील 'संसदीय' कार्यमंत्री कसे?

पद एकच आहे. सरकारी कागदावर 'संसदीय कार्य' लिहितात, केंद्रात आणि राज्यातही. तेव्हा निवेदन द्यायचं असेल तर मुकाट्याने तेच लिहावं. पण चांगलं मराठी कुठलं असं विचाराल तर माझं मत 'कामकाज'ला.

सगळा घोळ 'पार्लमेंटरी अफेअर्स' या इंग्रजी नावातल्या 'अफेअर्स'ने घातलाय. संसद असो, परराष्ट्र असो की ग्राहक, इंग्रजीला तो एकच शब्द पुरतो. हिंदीने संसदेला 'कार्य' दिलं आणि ग्राहकाला 'मामले'. आपल्याकडे 'परराष्ट्र व्यवहार' रुळलेलं होतं, त्याच साच्यात संसद ओतली की 'संसदीय व्यवहार' तयार. गोव्यात 'विधिमंडळ व्यवहार' हे खातं आहे, तेही याच घराण्यातलं. शब्द चुकीचा नाही. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशातला 'व्यवहार' म्हणजे कारभारच, आणि धर्मशास्त्रात तर व्यवहार म्हणजे दावा, खटला. पण आज आपण 'जमिनीचा व्यवहार झाला' म्हणतो, 'व्यवहार फिसकटला' म्हणतो. सरकार काठावर असताना, विश्वासदर्शक ठरावाच्या आदल्या रात्री 'संसदीय व्यवहार मंत्री अपक्षांना भेटले' असं छापून आलं की वाचणाऱ्याच्या मनात नको ते येतंच.

'कार्य'ची अडचण निराळी. मराठी घरात कार्य म्हणजे लग्न नाहीतर मुंज. 'वैशाखात आमच्याकडे कार्य आहे' असं म्हटल्यावर कुठलं कार्य हे कुणी विचारत नाही, तारीख विचारतात. गंमत म्हणजे या अर्थानेही हे पदनाम चपखल बसतं. प्रत्येक कार्यघरात एक मामा असतो. मुलगी त्याची नाही, खर्च त्याचा नाही, मुहूर्तही त्याने काढलेला नाही. पण वरपक्षातली कुठली आत्या रुसली, गुरुजी कशाला अडलेत, पहिली पंगत किती वाजता बसवायची आणि व्याह्यांना निरोप कुणी द्यायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. या मंत्र्याचं तेच. विधेयक दुसऱ्या खात्याचं, श्रेय पंतप्रधानांचं, पण ते कुठल्या दिवशी येणार, चर्चेला किती तास, विरोधक हौद्यात उतरले तर त्यांना परत जागेवर कसं बसवायचं, ही धावपळ त्याची. अधिवेशनाआधी सर्वपक्षीय बैठक बोलवायची. दर शुक्रवारी लोकसभेत उभं राहून पुढच्या आठवड्यात सरकारचं कुठलं काम येणार ते वाचून दाखवायचं. एखादा मंत्री उत्तर देताना 'माहिती घेऊन सभागृहाला कळवतो' म्हणाला की ते आश्वासन ठरतं. अशी आश्वासनं इतिवृत्तातून वेचून त्या त्या खात्याच्या मागे लागणं हेही याच मंत्रालयाकडे. आश्वासन पुरं करायची मुदत तीन महिन्यांची. दिल्लीत हे खातं विभाग म्हणून मे १९४९ मध्ये सुरू झालं आणि सत्यनारायण सिन्हा यांनी ते कितीतरी वर्षं सांभाळलं. मराठी माणसाला मात्र या पदाची खरी ओळख झाली ती प्रमोद महाजनांमुळे. वाजपेयींच्या सरकारात इतके घटकपक्ष होते की मामाला उसंत नव्हती.

आता 'कामकाज'. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो दिसतो साधा, पण त्याच्या पोटात दोन जुने शब्द बसलेत. संस्कृत 'कर्म'चं प्राकृतात 'कम्म' झालं आणि मराठीत 'काम'. 'कार्य'चं 'कज्ज' झालं आणि मग 'काज'. म्हणजे कामकाज हे कर्म अधिक कार्य. ज्यांना 'कार्य' भारदस्त आणि 'कामकाज' कारकुनी वाटतं, त्यांच्या लक्षात येत नाही की 'काज' हे 'कार्य'च आहे, फक्त पायी चालत आलेलं. (शर्टाचं काज वेगळं. ते पोर्तुगीजांबरोबर आलं. त्यांच्या भाषेत घराला आणि बटणाच्या घरालाही 'काझा' म्हणतात.)

आणि सभागृहात चालतं ते कामकाजच. ते सुरू होतं, तहकूब होतं, गोंधळात रेटलं जातं, दुपारीच गुंडाळलं जातं. वेळापत्रक ठरवते ती कामकाज सल्लागार समिती, आमदारांच्या हाती पडतो तो दिवसाच्या कामकाजाचा क्रम, आणि आक्षेपार्ह वाक्य काढून टाकतात तेही कामकाजातून. 'कार्य तहकूब' असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर मुलीच्या बापाला घेरी येईल. मग या कामकाजाची काळजी वाहणाऱ्या एकट्या मंत्र्यालाच 'कार्य' का चिकटवायचं? हिंदी पाटीवर 'संसदीय कार्य मंत्रालय' आहे, एवढंच मला कारण दिसतं.

आठवीत आमच्या शाळेत अभिरूप संसद झाली होती. बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. माझ्या चिठ्ठीवर 'सं. का. मंत्री' एवढंच. मी 'संकट काळ मंत्री' असं वाचलं आणि खूश झालो. बाईंनी खुलासा केला, 'अरे, कोण कधी बोलणार ते तू बघायचंस.' अर्ध्या तासात विरोधी बाकावरच्या मुलांनी डबे वाजवायला सुरुवात केली, तेव्हा माझं वाचन फारसं चुकलं नव्हतं असं वाटलं.

जोडप्रश्नाकडे येतो. 'संसद' म्हणजे सम् अधिक सद्, एकत्र बसणं. सदन, सदस्य, सभासद, परिषद ही सगळी त्याच धातूची भावंडं. राज्यघटनेत संसद हे नाव दिल्लीतल्या सर्वोच्च विधिमंडळासाठी राखून ठेवलंय, हे खरं. पण 'संसदीय' हे विशेषण केव्हाच त्या इमारतीबाहेर पडून एका पद्धतीचं नाव झालं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एखादा आमदार घसरला तर त्याचा शब्द 'असंसदीय'च ठरतो, 'अविधिमंडळीय' नाही. त्याच न्यायाने मुंबईतही संसदीय कार्यमंत्री असतो. 'विधिमंडळ कामकाज मंत्री' अधिक नेमकं झालं असतं, पण आता ते होणे नाही.

लिहायचं कसं, हेही सांगून टाकतो. 'कार्यमंत्री' जोडून लिहिल्यावर 'संसदीय' हे विशेषण मंत्र्याला लागतं अशी काहींची तक्रार असते. 'सार्वजनिक बांधकाममंत्री' वाचून मंत्री सार्वजनिक आहे असं कुणी समजत नाही, तेव्हा ती तक्रार सोडून द्यावी. 'कामकाज मंत्री' मात्र लांब होतं म्हणून मी तोडून लिहितो. खरा खड्डा 'राज्यमंत्री'चा. अर्जुन राम मेघवाल 'संसदीय कार्य राज्यमंत्री' आहेत असं वाचून त्यांना राजस्थान सरकारात बसवणारे लोक मला भेटलेत. तिथे 'राज्य' हा दर्जा आहे, ठिकाण नव्हे.

लोकसभेत हाच मंत्री सरकार पक्षाचा मुख्य प्रतोदही असतो, म्हणजे आपल्या सदस्यांना मतदानाला हजर आणि एका ओळीत ठेवणारा. इंग्रजी 'व्हिप' आला शिकारीतून. कुत्र्यांना कळपाबाहेर जाऊ न देणारा माणूस तो. आपण त्यासाठी थेट महाभारतातल्या सारथ्याच्या हातातला प्रतोद उचलला, आणि वर एक सोय केली : माणूस तो प्रतोद, त्याने बजावलेला हुकूम तो पक्षादेश. इंग्रजीत दोन्ही 'व्हिप'च. शिवसेनेतल्या फुटीनंतर पक्षाचा खरा प्रतोद सुनील प्रभू की भरत गोगावले हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, ११ मे २०२३ ला निकाल लागला आणि तोवर 'प्रतोद' हा शब्द चहाच्या टपरीवरही रुळला होता. त्याचा अर्थ बहुतेक जण चाबूक असा सांगतात. पण मूळ धातू 'तुद्', म्हणजे टोचणे. तेव्हा आसूडापेक्षा बैलाला टोचायची पराणी त्याला जास्त जवळची. अर्थात 'मुख्य पराणी' अशी पाटी दारावर लावून घ्यायला कुठलाच आमदार तयार होणार नाही.