वाचकांचे प्रश्न: भाताच्या पानातला डीएनए हाती का लागत नाही?

प्रश्न: भाताच्या पानांवर क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन (ठरावीक प्रथिनाला चिकटलेला डीएनए अँटिबॉडीने वेगळा काढणं) करतो, पण शेवटी डीएनए जवळजवळ मिळतच नाही. अँटिबॉडी बदलू का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: आधी पहिली पायरी तपासा. भाताचं पान मेणचट, आत हवा भरलेली. नुसतं बुडवून १ टक्का फॉर्माल्डिहाइड (डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना जोडून ठेवणारं रसायन) आत शिरत नाही. बारीक तुकडे करून फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट), त्याच द्रावणात, १० ते १५ मिनिटं व्हॅक्यूम द्या. व्हॅक्यूम सोडल्यावर तुकडे गडद, ओलसर दिसून तळाला बसायला हवेत. तरंगले तर काम अपुरं. मग जोडणी थांबवायला ०.१२५ मोलर ग्लायसीन, पुन्हा ५ मिनिटं व्हॅक्यूम. फॉर्माल्डिहाइडचा वेळ मात्र वाढवू नका: डीएनए-प्रथिनांचे जोड जास्त घट्ट झाले की सोनिकेशनने (ध्वनिलहरींनी डीएनए तोडणं) २०० ते ५०० बेसजोड्यांचे तुकडे पडतच नाहीत. सोनिकेशन बर्फातच, थांबून थांबून. अँटिबॉडीआधी थोडा नमुना, जोड सोडवून, तुकड्यांची लांबी अगारोज जेलवर पाहाच.