एग्री चिल्लॉगबरोबर काय वाढावं?

तुम्ही लिहिलंय की बुडापेस्टला शनिवारी हंगेरियन सासू-सासरे जेवायला येताहेत, घरात एग्री चिल्लॉग या हंगेरियन पांढऱ्या वाइनची बाटली आहे, बेत पाप्रिकाश चिर्के (पाप्रिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, घातलेलं चिकन) आणि उबॉर्काशालाता या काकडीच्या कोशिंबिरीचा आहे, आणि सासूबाई मांसाहार करत नाहीत. चिकन अगदी योग्य निवडलंत. अडचण आहे ती काकडीची.

आधी बाटलीवरचं लेबल पाहा. क्लासिक, सुपिरियर आणि ग्रँड सुपिरियर अशा तीन प्रती असतात. क्लासिक हलकी, ताजी, फळांच्या वासाची, तरुणपणीच संपवावी. सुपिरियर जास्त भरीव, बऱ्याचदा लाकडी पिंपात राहिलेली. क्लासिक ८ ते १० अंशांवर द्या, सुपिरियर १० ते १२. फ्रीजमधून काढून लगेच ओतलीत तर वास फारसा येत नाही, आणि या वाइनवर तो अन्याय आहे.

ही वाइन हंगेरीतल्या एगेर शहराच्या परिसरातली. एगेरचं नाव काढलं की सगळ्यांना तिथली लाल मिश्र वाइन, बिकावेरच आठवते. पण लाल वाइन तिथे मागाहून आली, तुर्कांपासून पळून आलेल्या राच, म्हणजे सर्ब लोकांनी कादार्का द्राक्ष आणलं तेव्हा. त्याआधी तो भाग पांढऱ्या वाइनचा होता. २०१० साली तिथल्या वाइनवाल्यांनी बिकावेरच्या तोडीची पांढरी मिश्र वाइन बाजारात आणली, ती ही. नियम असा की किमान चार जातींची द्राक्षं हवीत, कुठलीही एक जात निम्म्याहून जास्त नको, आणि निदान अर्धा भाग कार्पेथियन खोऱ्यातल्या, म्हणजे हंगेरी आणि आसपासच्या प्रदेशातल्या जातींचा हवा. म्हणून ओलासरिझ्लिंग, हार्शलेवेल्यू, लेआन्यका, किरायलेआन्यका ही नावं मागच्या लेबलावर वारंवार दिसतात. सुगंधी जातींच्या प्रमाणालाही मर्यादा आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे वाइन अत्तरासारखी होत नाही, जेवणाला जागा ठेवते.

आता चिकन. पाप्रिकाशमध्ये कांदा, गोडी पाप्रिका, चरबी आणि शेवटी भरपूर तेयफॉल, म्हणजे आंबट साय. ही साय जिभेवर जड बसते; वाइनचा आंबटपणा ती धुऊन काढतो आणि पुढचा घास पुन्हा चवीने खाल्ला जातो. पाप्रिका मात्र पातेलं आचेवरून उतरवून घाला. ती पटकन करपते, आणि करपलेल्या पाप्रिकेचा कडवटपणा पांढऱ्या वाइनमध्ये दुप्पट जाणवतो. तिखट पाप्रिका टाळा, तिखटावर अल्कोहोल गेलं की तोंड पोळतं.

उबॉर्काशालातात व्हिनेगर असतं, आणि व्हिनेगरचा घास घेतल्यावर चांगली वाइनही पाणचट लागते. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळा, व्हिनेगर अगदी नावाला घाला आणि वरून तेयफॉल. सासू-सासऱ्यांना त्यात काही वावगं वाटणार नाही, तिकडे बरेच जण तशी करतात.

सासूबाईंसाठी रांतोत गोंबा करा, म्हणजे ब्रेडक्रम्ब लावून तळलेले मशरूम. किंवा तूरोश चुसा, नूडल्सवर पनीरसारखं तूरो आणि तेयफॉल. फक्त वरचे बेकनचे तुकडे त्यांच्या ताटात नकोत. क्लासिकबरोबर दोन्ही सुरेख लागतात.

पण खरं विचाराल तर या वाइनची माझी आवडती जोडी ट्राउट. एगेरपासून जवळच, ब्युक डोंगराच्या कुशीत, सिल्वाशवाराद गावात थंड झऱ्यांच्या पाण्यावर ट्राउट पाळतात. मासा पिठात घोळून लोण्यात परततात, कधी वर बदामाचे काप घालतात. ओलासरिझ्लिंगच्या घोटाशेवटी कडू बदामासारखी एक छटा राहते, ती त्या भाजलेल्या बदामाशी इतकी जुळते की मी तरी तिथे दुसरी वाइन मागवणार नाही. पाप्रिकेने लालभडक झालेल्या हालासले या माशाच्या सूपबरोबर मात्र ही नको, तिथे हलकी लाल कादार्का बरी.

आपल्या जेवणातलं विचारलंत म्हणून सांगते: नारळाच्या दुधातली कमी तिखट कोळंबी सुपिरियरबरोबर छान जाते. मालवणी मसाल्याचं चिकन किंवा कोकमाचं सार असेल तर बाटली उघडूच नका.

क्लासिक उरलीच तर बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फ्रच करा: नॉजफ्रच म्हणजे दोन भाग वाइन, एक भाग थंड सोडा. सुपिरियरमध्ये सोडा घालू नका, ती दुसऱ्या दिवशी तशीच प्या.