नाव कमी झालेल्या घरी जा

चि. बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ज्यांच्यापुढे ‘लाभ बंद’ असं आलंय, त्या कुटुंबांना स्वावलंबी धरायचं का, असं तू विचारतेस. मला विचारू नकोस, तक्त्याला तर मुळीच नको. त्या घरी जा.

नवऱ्याला वेर्ण्याच्या कारखान्यात काम मिळालं, वर्षाचं उत्पन्न ३ लाखांवर गेलं, म्हणून गोवा सरकारच्या गृह आधार योजनेतून घरच्या बाईला मिळणारे महिन्याचे १,५०० रुपये थांबले. हे घर सावरलेलं असू शकतं. दुसरीकडे आजी वारली. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं, म्हातारपणाचं तिचं महिन्याचं २,००० रुपयांचं साहाय्य तिच्याबरोबर गेलं, आणि नातवाचं बसभाडं त्यातून निघत होतं. तिसऱ्या घरात बाई जिवंत आहे, फक्त हयातीचा दाखला पोचलेला नाही. तिघांच्या पुढे शब्द मात्र एकच. मग घरी न जाता तुला कळणार कसं?

मी हा शब्द तीस वर्षं लिहिला. सत्तरीतल्या एका म्हातारीचा दाखला आला नाही, तेव्हा तिचं नाव मी माझ्या हातानं कमी केलं. नियमाला धरून केलं; न करतो तर हिशेबतपासणीत मलाच जाब द्यावा लागला असता. आजही ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. चूक पुढची. तिचं घर बसथांब्यापासून पंधरा मिनिटांच्या चढावर, आणि मी गेलो तो आठ महिन्यांनी, तेही दुसऱ्याच कामासाठी. ती अंथरुणाला खिळलेली. रिकामा सिलिंडर खाटेखाली ढकललेला, सून माडाची सुकी चुडतं पेटवून पेज शिजवत होती. दुकानदारानं उधारी बंद केली होती. सुनेनं पासबुक पुढे केलं आणि विचारलं, ‘आमचं काय चुकलं?’ दाखला भरून मी तिथंच अंगठा घेतला. पैसे पुन्हा सुरू झाले, पण तोवर नातीची शाळा सुटली होती.

अमेरिकेतही हेच झालं. १९९६च्या कायद्यानं गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला आयुष्यभरात ६० महिन्यांची मर्यादा घातली. पुढे याद्या निम्म्याहून खाली आल्या आणि तेच यश म्हणून मिरवलं गेलं. अभ्यासकांनी बाहेर पडलेल्या कुटुंबांचा माग काढला तेव्हा दिसलं, पुष्कळ आया कामाला लागल्यात पण पगार तुटपुंजा. काही परत यादीत आल्यात. आणि काही घरांत पगारही नाही, मदतही नाही. हे माग काढल्यावरच दिसलं ना?

‘वेळ नाही, नमुना मोठा आहे’ असं तू लिहितेस. राग आला मला. नमुना लहान कर. दहाच घरं घे, पण जा. उत्पन्न किती हे आधी विचारू नकोस, लोक दाखल्यावरचाच आकडा सांगतात. पैसे थांबल्यावर पहिल्यांदा काय बंद केलं ते विचार. दूध, औषध, शिकवणी, सोसायटीचा हप्ता. उधारी कुणाकडे आहे ते विचार. आणि पैसे का थांबले हे त्यांना कुणी सांगितलं होतं का, हे विचारल्याशिवाय उठू नकोस.

गुडघा दुखतो, तरी त्या चढावर मी तुझ्याबरोबर येईन. रविवारी सकाळी वाळपईच्या बसस्टँडवर ये, यादी घेऊन. त्या सुनेच्या घरापासूनच सुरुवात करू.

तुझा,
काका