बचत गटाच्या वेबसाइटला सरकारी परवानगी लागते का? आणि डोमेन कोणाच्या नावावर घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पारोळ्याजवळच्या गावात दहा बायकांचा गट आहे, ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ विकता, आता वेबसाइट काढायची आहे. ओळखीचा मुलगा ६,००० रुपयांत ‘सगळं’ करून देतो म्हणतो. परवानगी लागते का, गट सरकारी अभियानातला आहे म्हणून ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ मिळेल का, डोमेन म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव कोणाच्या नावावर घ्यावं, आणि पुढे भानगड होऊ नये म्हणून काय बघावं?

परवानगी लागत नाही. आपल्या देशात साधी वेबसाइट सुरू करायला कसलाही परवाना नाही. ‘वेबसाइट रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट’ काढून देतो म्हणून कोणी दोन हजार मागितले तर चहा पाजून परत पाठवा. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ फक्त सरकारी कार्यालयांसाठी असतं. उमेद अभियानातून कर्ज मिळालं म्हणून गट सरकारी होत नाही. ‘डॉट इन’, ‘डॉट को डॉट इन’, ‘डॉट ओआरजी डॉट इन’ मात्र कोणालाही मिळतं. जो आधी मागेल त्याचं. या ‘डॉट इन’चा कारभार निक्सी नावाची, नफ्यासाठी नसलेली कंपनी पाहते. २००५ पासून ते सगळ्यांना खुलं झालं, त्याआधी बरीच बंधनं होती. निक्सी आपल्याला थेट नाव देत नाही, तिने मान्यता दिलेल्या विक्रेत्याकडून, म्हणजे रजिस्ट्रारकडून घ्यावं लागतं. नाव एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येतं. माहिती खरी द्यावी लागते, ओळखीचा पुरावा मागितला तर द्यायचा. दुसऱ्याच्या आड लपून, म्हणजे प्रायव्हसी सेवा लावून ‘डॉट इन’ घेता येत नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या त्या ‘सगळं’ या शब्दाकडे येतो, कारण माझे हात पोळलेले आहेत.

मी अमळनेरचा. घरात आई आणि दोन काकूंचा पापडाचा धंदा. २०१६ मध्ये जळगावच्या एका वेबसाइटवाल्याने ८,५०० रुपयांत डोमेन, होस्टिंग (पानं ठेवायची भाड्याची जागा), पानं, फोटो, सगळं करून दिलं. मी म्हटलं, नावबिव माझ्या नावावर आहे ना? तो म्हणाला, “चिंता नको करू भाऊ, मी शे ना.” दोन वर्षं तो होता. मग पुण्याला गेला, नंबर बदलला. २०१९ मध्ये आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठ दिवस आधी नाशिकहून एका जुन्या गिऱ्हाईकबाईचा फोन आला: तुमच्या पत्त्यावर कसल्यातरी जाहिराती दिसताहेत. बघतो तर डोमेनची मुदत संपलेली. नूतनीकरणाच्या सगळ्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जाऊन पडत होत्या.

रजिस्ट्रारला फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, सर, हे खातं तुमचं नाही, नोंदलेल्या ईमेलवरून लिहा. तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्याकडे पुरावा काय, तर वहीच्या पानावर पेनाने लिहिलेली पावती: ‘वेबसाइटचे ८,५०० मिळाले’.

डोमेनची मुदत संपली की ते त्याच दिवशी मोकळं होत नाही. आधी थोडे दिवस नेहमीच्या पैशांत नूतनीकरण करता येतं, मग तीस दिवस भरमसाट दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवस अडकून राहतं आणि शेवटी बाजारात येतं. पण या सगळ्या दिवसांत हात घालू शकतो तो खातेदार. मी फक्त बघत बसलो. मोकळं झालं त्या दिवशी कोणीतरी यंत्र लावून उचललं आणि ४०,००० रुपयांना विक्रीला लावलं.

पण खरा त्रास डोमेनचा नव्हता. जुना पत्ता छापलेली चार हजार पाकिटं माळ्यावर पडून होती. नवीन नाव घेतलं, पट्ट्या छापल्या आणि ओसरीवर बसून आई, काकू, मी आणि शेजारची दोन पोरं एकेका पाकिटावर पट्टी चिकटवत होतो. वर गच्चीत धोतरावर बिबड्या वाळत घातलेल्या. मध्येच वावटळ आली की दोघांनी पळायचं, दोघांनी पट्ट्यांवर हात ठेवायचा. पट्टी तिरकी गेली की धाकटी काकू माझ्याकडे बघायची, बोलायची काही नाही.

लोक डोमेनला सातबाऱ्याची उपमा देतात. मला ती पटत नाही. जमीन आपली असते, डोमेन कधीच आपलं नसतं, मुदतीने घेतलेलं असतं. ते नगरपालिकेच्या गाळ्यासारखं आहे. करारपत्र ज्याच्या नावावर, तो गाळेधारक. आत माल कोणाचा, रंगरंगोटी कोणी केली, याला काही किंमत नाही. आणि कराराची मुदत संपली की गाळ्यावरचा हक्क कसा लटकतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

म्हणून त्या मुलाला काम द्या, पण डोमेन स्वतः घ्या. रजिस्ट्रारकडे खातं गटाच्या अध्यक्षांच्या किंवा सचिवांच्या नावाने उघडा. ईमेल गटाचा वेगळा काढा, त्याचा पासवर्ड दोघींकडे ठेवा. मोबाइल नंबरही गटातलाच द्या. बिल गटाच्या नावाने घ्या आणि ठरावाच्या वहीला लावून ठेवा. मुलाला होस्टिंगचा आणि पानांचा पासवर्ड द्या, डोमेन खात्याचा नको. तो नाराज झाला तर होऊ द्या. नाव त्याच्या खात्यात आधीच गेलं असेल तर आज, संबंध गोड असतानाच, त्याला लॉक काढायला सांगा आणि बदलीचा कोड मागा. त्या कोडवर नाव तुमच्या खात्यात येतं. नवीन नोंदलेलं असेल तर पहिले ६० दिवस मात्र बदली होत नाही.

इंटरनेटवर ‘हू-इज’मध्ये, म्हणजे डोमेन कोणाचं ते दाखवणाऱ्या नोंदीत, शोधून बघितलं तर बऱ्याच रकान्यांत नाव दिसतच नाही, खासगी म्हणून नोंद ठेवणाऱ्यांनीच झाकलेलं असतं. तेव्हा तो मुलगा त्याचा स्क्रीनशॉट दाखवून समजूत काढत असेल तर ऐकू नका. खात्यात लॉगिन करून ‘रजिस्ट्रंट’ म्हणजे नोंदणीधारक या रकान्यात कोण आहे ते डोळ्यांनी बघा.

नाव ठरवताना आधी थोडं शोधा. मोठ्या ब्रँडशी मिळतंजुळतं नाव घेतलं तर गळ्याशी येतं. २००४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ‘सिफी’ या नावाच्या खटल्यात सांगितलंय की डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारी नावासारखं संरक्षण आहे. ‘डॉट इन’च्या भांडणासाठी निक्सीची वेगळी लवादाची सोय आहे. तक्रारदाराला दाखवावं लागतं की नाव त्याच्या नावाशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं. लवाद नाव रद्द करू शकतो किंवा तक्रारदाराला देऊ शकतो. ती वाट मीही बघितली होती. पण माझ्याकडे ट्रेडमार्क नव्हता, आणि लवादाची फी अधिक वकील म्हणजे पापडाच्या अख्ख्या हंगामाचा नफा. सोडून दिलं.

‘डॉट भारत’ घ्यावं का, हा तुम्ही न विचारलेला प्रश्न, पण आपल्याकडे तो गमतीचा आहे. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ ऑगस्ट २०१४ मध्ये आलं. मी हौसेने घेतलं. पहिला घोळ: खान्देश की खानदेश? लोक दोन्ही लिहितात, आणि यंत्राला ती दोन वेगळी नावं. दुसरा घोळ: आतून ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या जुडग्यात साठवलेलं असतं, आणि काही ठिकाणी लिंक पाठवली की तेच जुडगं दिसतं. गिऱ्हाइकाला वाटतं काहीतरी फसवाफसवी आहे. पाटीवर छान दिसतं, म्हणून ठेवलंय. ते उघडलं तरी ‘डॉट इन’चीच पानं दिसतात. मुख्य पत्ता रोमन अक्षरांतला, छोटा, फोनवर सांगता येईल असा घ्या. ‘बिबड्या’ हा शब्द इंग्रजीत चार जणी चार प्रकारे लिहितील, एवढं लक्षात ठेवा.

परवाना नाही म्हणजे नियम नाहीत असं नाही. माल विकणाऱ्या वेबसाइटला ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम लागतात. गटाचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, ईमेल पानावर स्पष्ट हवा आणि तक्रार ऐकणारी एक ठरलेली व्यक्ती हवी. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल. गिऱ्हाइकाच्या संमतीचा चौकोन आधीच टिक करून ठेवायचा नाही. पाकिटावर जे छापता, म्हणजे किंमत, वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, ते विक्रीच्या पानावरही लिहावं लागतं. पॅकिंगचा महिना-वर्ष तेवढं पानावर नसलं तरी चालतं. खाण्याची वस्तू आहे, तेव्हा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे फसाईचा (FSSAI) १४ आकडी नंबर आधी काढा. त्याशिवाय वेबसाइटच काय, जत्रेतला स्टॉलही लावू नका.

गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल तुमच्याकडे जमा होणार. त्यासाठी २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची सवलत दिलीय. तुमच्यापुरतं इतकंच: ज्या कामाला नंबर घेतला त्याच कामाला वापरा, आणि गिऱ्हाइकांची यादी कोणाच्या निवडणुकीच्या प्रचाराला देऊ नका. मागायला येतील, सांगून ठेवतो.

त्याच वेबसाइटवर गावच्या बातम्याही टाकू, असं तो मुलगा म्हणत असेल तर नाही म्हणा. बातम्या आल्या की २०२१ चे आयटी नियम येतात, केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला माहिती देणं, तक्रार अधिकारी, पंधरा दिवसांत उत्तर. त्यातल्या आचारसंहितेच्या कलमाच्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती, पण पापडाच्या दुकानाने त्या वादात कशाला पडायचं?

नाव घेतल्यावर काही दिवसांत ईमेल सुरू होतील. ‘तुमचं नाव चीनमध्ये दुसरा कोणी नोंदवतोय, लगेच पैसे भरा’, ‘तुमच्या डोमेनची सर्च सेवा संपतेय’. पहिल्या वेळी मी रात्री अकराला घाबरून बँकेचं अ‍ॅप उघडलं होतं. पैसे भरायचे ते फक्त रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः लॉगिन करून, ईमेलमधल्या लिंकवरून कधीच नाही.

आणि नोंदणीची तारीख. आमची मुदत आखाजीच्या तोंडावर संपायची, तेव्हा घरात कोणाला मान वर करायला वेळ नसतो. नवीन नाव मी मुद्दाम पोळ्याच्या सुमारास घेतलं, एकदम पाच वर्षांसाठी. त्या दिवसांत गच्चीवर पाऊस असतो, पापड बंद असतात, आणि आई स्वतः आठवण करते: ते कंप्युटरचं भाडं भरलं का रे?