सुतार पक्ष्याचं घरटं, ढोली की बीळ?

प्रश्न असा: "घरामागच्या आंब्याच्या वाळक्या फांदीत सोनेरी पाठीच्या सुतार पक्ष्यानं भोक पाडून पिल्लं घातली आहेत. मुलगी त्यावर निबंध लिहिते आहे. त्या जागेला घरटं म्हणायचं, ढोली की बीळ? 'सुतार झाड पोखरतो' हे बरोबर आहे का?"

ढोली म्हणा. झाडाच्या खोडातली किंवा फांदीतली पोकळी ती ढोली; कुजून आपोआप झालेली असो की चोचीनं कोरलेली. पोपट, पिंगळा, धनेश यांना बहुधा आयती ढोली लागते. सुतार आणि तांबट आपली आपण करतात.

'घरटं' चूक नाही, पण त्याच्या मागोमाग 'बांधलं' येतं आणि तिथं गाडी अडते. सुतार ना काडी आणतो, ना गवत, ना कापूस. अंडी उघड्या लाकडावर, फार तर कोरताना आत राहिलेल्या भुश्यावर. तेव्हा 'घरटं बांधलं' नको, 'ढोली कोरली' लिहा. खोपा सुगरणीचा, विणलेला. त्याचा इथं संबंध नाही. बीळ जमिनीत नाहीतर दरडीत: खंड्याचं, वेड्या राघूचं. गंमत म्हणजे सोनपाठी सुतार क्वचित मातीच्या बांधातही घर करतो, आणि तेव्हा मात्र त्याला बीळच म्हणावं लागेल.

माझा खरा आक्षेप 'पोखरणे'वर आहे. वाळवी पोखरते, उंदीर पोखरतात. आतून, कुणाला पत्ता लागू न देता, नासाडी करत जाणं हा त्या शब्दाचा स्वभाव. सुतार दिवसाढवळ्या बाहेरून ठोकतो, खाली ढलप्यांचा सडा पाडतो, आणि जागाही बहुतेकदा वठलेल्या, कुजक्या लाकडातली निवडतो. उलट सालीखालची जी भुंगेऱ्याची अळी तो ओढून काढतो, तीच झाड पोखरत असते! 'कोरणे'मध्ये कारागिरी आहे. लेणं कोरतात तसं हे काम: तोंड समोरून आडवं, आत शिरलं की खाली उतरलेली कोठडी.

आवाजालाही सरसकट 'टकटक' नको. भक्ष्य शोधताना तो मध्येच थांबत, इकडेतिकडे सरकत टोचा मारतो. ढोली कोरताना एकाच जागी ठोकत बसतो. हद्द सांगायची असली की पोकळ फांदीवर चोच इतक्या वेगानं बडवतो की टर्रर्र असा एकच आवाज ऐकू येतो.

आता तुमच्याच वाक्याकडे. 'पिल्लं घातली' कुत्रीनं किंवा मांजरीनं. पक्षी अंडी घालतात आणि पिल्लं काढतात. कोंबडीबद्दल बोलताना आपण हे कधी चुकत नाही. सोनपाठी सुताराची अंडी बहुधा तीन, पांढरी, चकचकीत. साधारण अकरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढं वीसेक दिवसांत ढोली सोडतात. विणीचा हंगाम फेब्रुवारी ते जुलै, म्हणजे उतरत्या उन्हाळ्यात तुम्हाला हे दिसतंय ते अगदी वेळेवर.

निबंधात 'आई चोचीत अळी घेऊन येते' असं वाक्य असेल तर तेही तपासा. हा पक्षी मुंग्या वगैरे गिळून आणतो आणि घशातून परत काढून पिल्लांना देतो. त्यामुळं ढोलीशी येताना चोच रिकामी दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं हात हलवत आला. याला 'चोचीत चोच घालून भरवणं' म्हणावं. कबुतराबद्दल तसं म्हणतातच.

आणि सगळं श्रेय आईला देऊ नका. दोघंही भरवतात. डोक्यावरचा तुरा कपाळापासून पूर्ण लाल असेल तर तो नर. पुढचा भाग काळा, त्यावर पांढरे ठिपके आणि मागं लाल असेल तर मादी. तिला 'सुतारीण' म्हणायचा मोह होईल, पण ती सुताराची बायको. इथं 'सुतार पक्ष्याची मादी' एवढंच लिहा.