घर बांधताय, पण जमीन कोणाची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी ३६ वर्षांचा, पुण्यात एका कंपनीत ११ वर्षं नोकरीला. हातात ८२ हजार पगार, मूळ पगार ४० हजार. पत्नी डी.एड. आहे, मुलगी ६ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. आम्ही ख्रिस्ती आहोत. मुलांनी शास्त्रपाठ (बायबलवाचन), प्रार्थना आणि शेतीतली कामं यांच्यासोबत शिकावं अशी आमची मनापासून इच्छा आहे, म्हणून त्यांना घरीच शिकवायचं ठरवलंय. संगमनेर तालुक्यात सासऱ्यांची ६ एकर शेती आहे. त्यातले २ एकर आमचे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलंय. जून ते मार्च तिथे राहायचं आणि विहीर आटली की एप्रिल-मे पुण्यात माझ्या आईकडे, असा विचार आहे. मार्चअखेर राजीनामा देतोय. घराला १६ लाख लागतील. पीएफ साडेनऊ लाख, एफडी ५ लाख, म्युच्युअल फंड साडेतीन लाख आहेत. मुलीच्या पॉलिसीचे ५ हप्ते भरलेत, वर्षाला ६० हजार. ती मोडावी की पीएफ काढावा? गावात महिना २२ हजारांत भागेल. कोंबड्या, भाजीपाला आणि मधातून ३५ हजार सुटतील."

पॉलिसी की पीएफ, याचं उत्तर चार ओळींचं आहे आणि ते शेवटी देतो. पत्रातलं खरं संकट "सगळ्यांसमोर सांगितलंय" या दोन शब्दांत आहे.

सातबारा आज सासऱ्यांच्या नावावर आहे. तुम्ही आयुष्याची जवळजवळ सगळी पुंजी त्यांच्या जमिनीवर विटा-सिमेंटच्या रूपात ओतायला निघाला आहात. सासऱ्यांच्या शब्दावर मला तिळमात्र शंका नाही. पण ते ७१ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि तुम्हाला दोन मेहुणे आहेत, हे तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय. उद्या ते मृत्युपत्र न करता गेले तर शब्द त्यांच्यासोबत जाईल आणि उरेल तो कायदा. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात एक तृतीयांश वाटा सासूबाईंचा आणि उरलेल्या दोन तृतीयांशाचे तिन्ही मुलांत सारखे भाग. म्हणजे तुमच्या पत्नीचा वाटा नऊपैकी दोन हिस्से. ६ एकरांचे २४० गुंठे धरले तर ५३ गुंठे, म्हणजे १ एकर १३ गुंठे. दोन एकर नव्हेच. आणि ते ५३ गुंठे नेमके तुमचं घर उभं आहे तिथलेच मिळतील असं कुठे लिहिलेलं आहे? वाटप होईपर्यंत सामाईक सातबाऱ्यावर पाच नोंदी राहतील: सासूबाई, दोन मेहुणे, तुमच्या पत्नी आणि, पत्रात उल्लेख आहे म्हणून सांगतो, इतर हक्कात गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचा बोजा. मेहुणे आज चांगले आहेत. त्यांची मुलं मोठी होतील, सुना येतील, कांद्याला भाव मिळणार नाही, तेव्हाही ते असेच राहतील यावर १६ लाख लावू नका.

उपाय फार सोपा आणि फार स्वस्त आहे, म्हणून तर जीव तुटतो. सासऱ्यांनी त्या २ एकरांचं नोंदणीकृत बक्षीसपत्र तुमच्या पत्नीच्या नावे करून द्यावं. महाराष्ट्रात वडिलांनी मुलीला शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. वर नोंदणीचा, स्थानिक अधिभाराचा आणि वकिलाचा खर्च येईल. वडिलांकडून मिळालेल्या बक्षिसावर आयकर नाही. हिंदू एकत्र कुटुंबात असतो तसा जन्मतः हक्क ख्रिस्ती कायद्यात मुलांना नसतो. त्यामुळे जमीन एकट्या सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांना मेहुण्यांची संमती कायद्याने लागत नाही. तरीही दोघांना समोर बसवून, पाळकसाहेबांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) साक्षीने बोलणं करा आणि दस्तावर साक्षीदार म्हणून त्यांच्याच सह्या घ्या. आधी सोसायटीचं कर्ज किती आहे ते बघा आणि फेडून बोजा उतरवून घ्या. मग मोजणी करून २ एकरांच्या हद्दी कायम करा, बक्षीसपत्र नोंदवा, फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद) मंजूर करून घ्या. पत्नीचं नाव असलेला सातबारा हातात पडला की पायाचा पहिला दगड.

दस्तात तुमचं नाव घालायचा आग्रह धरू नका. तुम्ही शेतकरी नाही. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही नाही. जमीन पत्नीच्या नावावर, घरही त्यांचं. हे तुम्हाला मान्य असेल तरच पुढे जा, आणि मान्य असायला हवं, कारण माहेरची जमीन त्यांची आहे.

आता दुसरी गोष्ट, तीही तुम्ही विचारलेली नाही. दोन लहान मुलांचा एकटा कमावता बाप राजीनामा देतोय आणि पत्रात टर्म इन्शुरन्सचं, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणाऱ्या साध्या विम्याचं, नाव नाही. मुलीच्या पॉलिसीत तुमच्यावर १० लाखांचं कव्हर आहे. म्हणजे तुमच्या जिवाची किंमत एक वर्षाचा पगार. ज्यांनी ती पॉलिसी विकली ते तुमच्याच मंडळीतले (चर्चमधले) आहेत, रविवारी शेजारी बसतात, हे वाचून मला राग आला. त्यांनी तुम्हाला मुलीच्या शिक्षणाची भीती दाखवली आणि खरी भीती, तुम्ही नसण्याची, तशीच उघडी ठेवली.

टर्म इन्शुरन्स राजीनाम्याआधीच घ्यायला हवा, कारण विमा कंपनी पगारपत्रक, फॉर्म १६ आणि विवरणपत्र बघून कव्हर ठरवते. एप्रिलमध्ये तुम्ही "शेती व कुक्कुटपालन, उत्पन्न अनिश्चित" असं लिहून १ कोटी मागाल तेव्हा बहुधा कोणी देणार नाही. आज, नोकरीत असताना, मिळेल. या वयात, व्यसन नसेल तर १ कोटीला वर्षाला १५-२० हजारांच्या आसपास हप्ता धरा. अर्जात जे विचारतील ते खरं लिहा, आजारही आणि कामही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झालाय.

आरोग्यविम्याचंही तेच. कंपनीचा गटविमा नोकरीसोबत संपेल. पत्नीला थायरॉईडची गोळी चालू आहे. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. पण गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि गटविम्यात काढलेली वर्षं त्या थांबण्यातून वजा होतात. ही विनंती नोकरीत असतानाच लेखी करायची, नंतर नाही. आज संध्याकाळी एचआरला मेल टाका. शेतावर साप-विंचू आहेत, ३ वर्षांचं पोर आहे आणि मोठं रुग्णालय तासाभरावर. चौघांना १० लाखांचं कव्हर, वर्षाला २०-२५ हजार. हा खर्च तुमच्या २२ हजारांत धरलेला नाही.

मग ते २२ हजार बघू. दोन्ही विमे महिन्याला तीन-पावणेचार हजार. दोन महिने पुण्यात येण्या-राहण्याचा खर्च, दुचाकी, औषधं, टँकर, कुंपण. महिना ३० हजार धरा, कमी नाही.

आणि ते ३५ हजार. तुम्ही ६० गावरान कोंबड्या आणि १५ रुपयांना अंडं असं लिहिलंय. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते, मध्ये खुडूक बसते. ६० कोंबड्या, सरासरी ७० अंडी, म्हणजे ४,२०० अंडी. गुणिले १५, झाले ६३ हजार. वर्षाला. महिन्याला ५ हजार, तेही खाद्य, मुंगूस आणि मानमोडी रोगाचा फेरा वजा करण्याआधी. भाजी आणि मध मिळून आणखी ३-४ हजार सुटतील. घरची बाजरी, ज्वारी, मेथी घरात येईल ती खर्चातली बचत आहे, तिची मोजणी २२ हजारांत तुम्ही आधीच केलीय, पुन्हा उत्पन्नात धरू नका. पहिल्या वर्षी ८ हजार आले तर ते चांगलं वर्ष समजा. तूट महिना २२ हजारांची.

तुमची सगळी पुंजी, पॉलिसी मोडून येणारे १ लाख ९० हजार धरून, २० लाखांच्या आत-बाहेर. घर गेलं १६. उरले ४. २२ हजारांच्या हिशेबाने दीड वर्ष. त्यातून परदेशातून मागवणार असलेला १ लाख १० हजारांचा ख्रिस्ती अभ्यासक्रम घेतला की उरतं वर्षभर. आणि तो संच ३ वर्षांच्या मुलासाठीही! त्याला त्या वयात चिखल, गोष्टी आणि गाणी हवीत. पत्नी डी.एड. आहेत. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. शास्त्रातल्या गोष्टी मुलांना तुमच्या तोंडून ऐकायच्या आहेत, त्यासाठी डॉलर मोजायला नकोत. पेरणीच्या दिवसांत ६ वर्षांची मुलगी तिफणीमागे मुठीने बी मोजेल, सुगीच्या सणाला मंडळीत कणसांची पेंडी घेऊन जाईल, नाताळच्या सुमारास हुरडा भाजेल. ते शिक्षण १ लाख १० हजारांत येत नाही आणि त्याला तेवढे लागतही नाहीत.

घरी शिकवण्याच्या निर्णयाला माझा विरोध नाही. उलट तुमच्या साऱ्या बेतात आर्थिकदृष्ट्या सगळ्यात कमी धोक्याची गोष्ट तीच आहे. जमलं नाही तर शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, १४ पूर्ण झाल्यावर दहावी देता येते, वर्षातून दोनदा परीक्षा असते. परत फिरायची वाट उघडी आहे. नोकरी आणि घर या दोन्हींत ती नाही. शेतातलं घर सहज विकता येत नाही, आणि बिगरशेती नसलेल्या जमिनीवरच्या घरावर बँक सहसा कर्ज देत नाही.

म्हणून क्रम उलटा करा. या जूनला पत्नी आणि मुलं सासऱ्यांच्या जुन्या घरात राहू देत. तुमची कंपनी आठवड्याला दोन दिवस घरून काम देते, तर बुधवारी रात्री पुण्याहून निघा आणि गुरुवार-शुक्रवार तिथून काम करा. पेरणी, काढणी, आटलेली विहीर, सगळं एकदा बघा. कोंबड्या ६० नको, १५ पाळा. मुलांची रोजची घडी बसते का, पत्नीला एकटीला झेपतं का, हेही कळेल, आणि त्यांना हे स्पष्ट विचारा, कारण तुमच्या सबंध पत्रात त्यांचं एकही वाक्य नाही. या वर्षात पगारातून महिना ३५ हजार सहज मागे पडतील, चार लाख होतात. त्यातून विहिरीजवळ साठवण टाकी आणि दोन खोल्या, शौचालय असं ६-७ लाखांचं घर सुरू करता येईल. १६ लाखांचं घर लगेच कशाला?

दशांशाबद्दल, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा मंडळीला देण्याबद्दल, तुम्ही संकोचून लिहिलंय. तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण तो उत्पन्नातून द्यायचा असतो. उत्पन्न ८ हजार झालं तर ८०० द्या, पीएफ मोडून ८,२०० देत राहू नका. तुमच्या पाळकांनाही हे पटेल असं मला वाटतं.

तुम्ही दोघंही मृत्युपत्र करा. ते नसताना तुमच्यापैकी कोणाला काही झालं तर त्यांच्या मालमत्तेतला दोन तृतीयांश हिस्सा अल्पवयीन मुलांचा होईल आणि त्यातली जमीन किंवा घर विकायचं तर मागे राहिलेल्याला कोर्टाची पायरी चढावी लागेल. साधा कागद, दोन साक्षीदार, एक संध्याकाळ.

आता तुमचा प्रश्न. पॉलिसीत २० वर्षांत १२ लाख भरून एजंटच्याच कागदाप्रमाणे २२ लाख मिळणार, म्हणजे साडेपाच टक्के. पुढचा हप्ता भरू नका. टर्म इन्शुरन्स हातात पडल्यावर, आधी नाही, पॉलिसी मोडा. १ लाख १० हजार बुडतील, बुडू द्या, पुढचे ९ लाख वाचतील. आलेले १ लाख ९० हजार घरात नाही, एफडीत, अडीअडचणीसाठी. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं उघडा, तिला १० वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडता येतं. सध्या ८.२ टक्के आहे. वर्षाला ६० हजारच १५ वर्षं भरले, म्हणजे ९ लाख, आणि दर टिकला तर खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी २८ लाखांच्या घरात जातात. हात आखडला त्या वर्षी २५० रुपये भरूनही खातं चालू राहतं.

पीएफला हात लावू नका. नोकरी सोडल्यावरही त्यावर व्याज मिळत राहतं, फक्त ते व्याज करपात्र होतं. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे सदस्य असाल तर १० वर्षांहून जास्त सेवा झाल्याने ५८व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क तुम्हाला लागू आहे, राजीनाम्यानंतर त्याचं योजना प्रमाणपत्र घ्या. ग्रॅच्युइटीचा तर पत्रात उल्लेखच नाही: ४० हजार मूळ पगारावर ११ वर्षांचे अडीच लाख होतात. ते धरून हिशेब पुन्हा मांडा आणि फेरफाराची नोंद मंजूर झाली की मला कळवा, घराचा आकार तेव्हा ठरवू.