मिशनरी भावाला घरचे फोन करत नाहीत, त्यांना कसं तयार करावं?

तुम्ही लिहिलंय की भाऊ मिशनवर गेल्याला दोन वर्षं झाली, सुरुवातीला घरातले सगळे फोन करायचे, आता तुमच्याशिवाय कोणी करत नाही. हे वाचून राहवलं नाही. आमच्या घरात हेच झालं होतं, आणि चूक आमची होती.

आम्ही मूळचे वसईचे, राहायला ठाण्यात वर्तकनगरला. माझा धाकटा भाऊ धर्मगुरू आहे. तांझानियाच्या दक्षिणेला, सोंगेआ शहरापासून बराच आत त्याचं मिशन आहे. तो गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी पप्पांची अँजिओप्लास्टी झाली. दादाने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येच आम्हाला बजावलं, "त्याला कळवायचं नाही. तो देवाच्या कामाला गेलाय, त्याला संसाराच्या कटकटी नकोत." मला पटलं नव्हतं, पण मीही गप्प बसले. पुढचे पंधरा दिवस त्याचा फोन आला की कधी "पप्पा झोपलेत", कधी "पप्पा वसईला गेलेत". आई तर फोन हातातच घेईना. घेतला तर रडेल म्हणून.

तीन वर्षांनी तो सुट्टीवर आला. दुसऱ्याच दिवशी सकाळी पप्पांचा शर्ट धुवायला टाकायचा म्हणून त्याने खिसा चाचपला. आत जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची छोटी बाटली. तो स्वयंपाकघरात आला, ओट्यावर माझ्या समोर बाटली ठेवली आणि विचारलं, "हे कधीपासून?" मी सांगितलं. बराच वेळ तो बाटलीचं झाकण उघडत-लावत उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, मी रोज मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) तिथल्या आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना करतो. माझ्या बापाचं नाव त्यात नव्हतं."

त्याच सुट्टीत कळलं की मधल्या काळात त्याला दोनदा मलेरिया होऊन गेला होता. त्यानेही सांगितलं नव्हतं. आम्ही "सगळं ठीक", तोही "सगळं ठीक". मग बोलणार काय? फोन आपोआप कमी झाले. घरचे आळशी आहेत म्हणून फोन बंद होत नाहीत हो. त्याच्याशी खरं बोलायचं नाही असं एकदा ठरलं की बोलायला काही उरतच नाही. तुमच्याही घरात तेच झालं असणार.

मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स आपल्याला माहीत आहेत. सहा महिन्यांहून जास्त जहाजात काढून ते १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोचले आणि नोव्हेंबरात त्यांनी इंग्लंडला वडिलांना पत्र लिहिलं. त्या पत्रात काय आहे? वारा कुठे पडला, समुद्रात कोणते मासे दिसले, कोणते पक्षी, जहाजावर लोक कशाने आजारी पडले. मिशनरी मुलगा बापाला हे लिहितो. मग आपणच आपल्या मिशनरी भावाशी का धर्मसभेत बोलल्यासारखं बोलावं?

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. "त्याला फोन करत जा" असं नुसतं सांगून कोणी करत नाही. आमच्याकडे सुरुवात माझ्या मुलामुळे झाली. मामाने त्याला सांगितलं की स्वाहिलीत मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, आणि बाबा मात्र बाबाच. त्याला एवढी गंमत वाटली की दर आठवड्याला तो नवीन शब्द मागू लागला. पप्पांना पावसात रस. तिथे नोव्हेंबर-डिसेंबरला पाऊस सुरू होतो, मका लावतात, मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली हेच रोजचं जेवण. वसईत शेती केलेला माणूस त्यावर तासभर बोलू शकतो. आई दर महिन्याला सुवार्ता या आपल्या ख्रिस्ती मासिकाच्या अंकातली पानं मोबाइलवर फोटो काढून पाठवते. फोटोत निम्म्या वेळा तिचा अंगठा असतो, तरी तो प्रत्येक पान वाचतो.

आणि रविवारी फोन लावू नका. आपल्याला सुट्टी असते म्हणून आपण रविवारी लावतो आणि तो दिवसभर एका चॅपेलहून दुसऱ्या चॅपेलला मिस्सा करत फिरत असतो. दोन-तीनदा उचलला नाही की घरचे म्हणतात, त्यालाच वेळ नाही. आम्ही सोमवारी रात्री साडेनऊला करतो. तिथे तेव्हा सात वाजलेले असतात.

तुमचा भाऊ अजून नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतं घेण्याआधीच्या प्रशिक्षणात, असेल तर मात्र फोनचे नियम कडक असतात, ते पाळा, पत्र लिहा. काही ठिकाणी मिशनच्या कामाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर जपून बोलावं लागतं, ते त्यालाच विचारून घ्या. आणि घराच्या हप्त्यासाठी वगैरे त्याच्याकडे पैशांची अपेक्षा कोणी ठेवू नये. त्याने दारिद्र्याचं व्रत घेतलं असेल तर त्याच्याकडे स्वतःचं काही नसतं.

दादा अजून म्हणतो की तेव्हा सांगितलं असतं तर तो तिथे तळमळला असता. तळमळला असता, हे खरं. पण पप्पांसाठी तळमळायचा जेवढा हक्क दादाला आहे तेवढाच त्याला आहे, आणि व्रतं घेताना त्याने तो सोडलेला नाही. पुढच्या महिन्यात पप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तारीख, डॉक्टरांचं नाव, कोणता डोळा, सगळं मी त्याला सोमवारीच कळवलं. दादाला नंतर सांगितलं.